अलाबामा राज्याबद्दल माहिती हवी आहे (भाची ऑबर्नला चालली आहे)

सुनंदा_अकोला

नमस्कार मंडळी. माझी भाची इथल्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी झाली. आता मृदाशास्त्रात एम.एस. करायला अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठात चालली आहे. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया म्हटलं की ओळखीतले दहा जण सांगायला पुढे येतात, अलाबामाचं नाव काढलं की सगळे गप्प बसतात. राज्य केवढं आहे, हवा कशी, लोक काय पिकवतात, इतिहास काय, मुलीला एकटीला राहायला कसं, जे माहीत असेल ते सांगा. ताईला, म्हणजे तिच्या आईला, वाचून दाखवणार आहे. मोठं लिहिलंत तरी चालेल.

हंट्सविलकर

सुनंदाताई, भाचीचं अभिनंदन. मी राज्याच्या उत्तर टोकाला हंट्सविलला राहतो. आधी ढोबळ माहिती देतो.

अलाबामा १४ डिसेंबर १८१९ ला अमेरिकेचं २२ वं राज्य झालं. क्षेत्रफळ सुमारे १ लाख ३५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या भरली ५० लाख २४ हजार. आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यात २०११ मध्येच ९४ लाख लोक होते, यावरून किती मोकळं राज्य आहे ते कळेल. पूर्वेला जॉर्जिया, पश्चिमेला मिसिसिपी, उत्तरेला टेनेसी, दक्षिणेला फ्लोरिडा आणि मेक्सिकोच्या आखाताचा थोडासा किनारा. राजधानी माँटगोमेरी. एकूण ६७ काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग.

उत्तरेत ॲपलाचियन डोंगररांग संपते. सर्वांत उंच चीहा पर्वत, तोही जेमतेम २,४०० फूट. तिथून खाली जमीन उतरत जाते ती थेट मोबील बंदरापर्यंत. नद्या भरपूर आणि गोड्या पाण्यातले मासे, शिंपले, कासवं यांच्या जाती इतक्या की या बाबतीत हे राज्य अमेरिकेत सर्वांत पुढे आहे. इथे येणाऱ्या आपल्या लोकांना हे सहसा कुणी सांगत नाही.

आमचं हंट्सविल एके काळी कापूस आणि सूतगिरण्यांचं लहान गाव होतं. १९५० मध्ये रॉकेटतज्ज्ञ व्हेर्नर फॉन ब्राउन आणि त्यांचे जर्मन सहकारी इथल्या लष्करी तळावर आले, १९६० मध्ये नासाचं मार्शल केंद्र उभं राहिलं आणि माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटचा विकास इथे झाला. २०२० च्या जनगणनेत हंट्सविलने बर्मिंगहॅमला मागे टाकलं, आता तेच राज्यातलं सर्वांत मोठं शहर आहे. या गावातल्या बऱ्याचशा संरक्षण-अवकाश नोकऱ्यांना अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. भाचीचा विषय वेगळा असल्याने तिला अडचण नाही, पण वर्गातल्या इंजिनीअर मित्रमैत्रिणींना सांगून ठेवावं.

सुनंदा_अकोला

खूप धन्यवाद! ताईला मोठी धास्ती वादळांची आहे. कुणीतरी तिला टीव्हीवरचा व्हिडिओ दाखवला.

मेधा_बर्मिंगहॅम

सुनंदाताई, धास्ती अनाठायी नाही, पण शिस्त पाळली तर निभावतं. टोर्नेडो इथे मुख्यतः मार्च ते मे आणि पुन्हा नोव्हेंबर-डिसेंबरात येतात. २७ एप्रिल २०११ च्या एका दिवसात अलाबामात दोनशेहून जास्त माणसं गेली. टस्कलूसा आणि बर्मिंगहॅमच्या काही वस्त्या भुईसपाट झाल्या. ३ मार्च २०१९ ला ऑबर्न ज्या काउंटीत आहे त्या ली काउंटीतच, बोरेगार्ड भागात, २३ जण दगावले.

मुलीने पाळायच्या गोष्टी अशा. भाड्याने घर घेताना तळमजला आणि त्यात बाहेरच्या भिंतीला न लागलेली, खिडकी नसलेली खोली किंवा न्हाणीघर आहे का ते बघावं. मोबाइल होम, म्हणजे चाकांवर आणून ठेवलेलं हलकं घर, स्वस्त मिळतं. ते अजिबात घेऊ नये, बोरेगार्डला मेलेल्यांत अशा घरांतली माणसं बरीच होती. बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ घ्यावा, कारण वादळं रात्रीही येतात आणि झोपेत फोन ऐकू येईलच असं नाही. टोर्नेडो ‘वॉच’ लागला तर परिस्थिती वादळाला पोषक आहे, सावध राहायचं. ‘वॉर्निंग’ लागली तर वादळ दिसलं आहे किंवा रडारवर सापडलं आहे, त्या क्षणी आत जायचं. चपला-बूट पायात असू द्यावेत, नंतर सगळीकडे काचा असतात.

एरवी हवा अकोलेकरणीला मानवेल. उन्हाळा तुमच्यापेक्षा सौम्य, पण दमट. हिवाळ्यात थोडे दिवस गोठतं, बर्फ क्वचित.

पूर्णाकाठ

सुनंदाताई, मीही अकोल्याचाच, शेती खात्यातून निवृत्त झालो. अलाबामा मी वाचून ओळखतो आणि एकदा मुलाकडे गेलो असताना पाहिलंय. तुमची भाची मातीचा अभ्यास करणार, म्हणून मातीवरूनच सांगतो, कारण त्या राज्याचा इतिहास माझ्या मते मातीशिवाय समजतच नाही.

साधारण ८ ते ७ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस काळात, आजच्या अलाबामाच्या निम्म्या भागावर उथळ समुद्र होता. सूक्ष्म समुद्री जीवांच्या कवचांचा थर तळाशी साठत गेला आणि त्याची खडूसारखी चुनखडी झाली. समुद्र मागे हटला. त्या चुनखडीवर जी माती तयार झाली ती काळी, चिकण, सुपीक. राज्याच्या मधून पूर्व-पश्चिम गेलेला हा काळ्या मातीचा वाकडा पट्टा म्हणजे ब्लॅक बेल्ट.

ही जमीन आधी क्रीक आणि इतर मूळ रहिवाशांची होती. मार्च १८१४ मध्ये हॉर्सशू बेंडच्या लढाईत अँड्र्यू जॅक्सनच्या सैन्याने क्रीक लोकांचा मोड केला आणि त्याच वर्षीच्या तहात त्यांच्याकडून सुमारे २ कोटी ३० लाख एकर जमीन काढून घेतली. १८३६ मध्ये उरलेल्यांनाही पश्चिमेकडे हाकललं. मोकळ्या केलेल्या काळ्या जमिनीवर धावून आले कापूस पिकवणारे मळेवाले, आणि त्यांनी आणली गुलाम माणसं. व्हर्जिनिया, कॅरोलिनासारख्या जुन्या राज्यांतून विकत घेऊन, साखळ्या घालून चालवत. १८६० च्या जनगणनेत अलाबामाची लोकसंख्या ९ लाख ६४ हजार होती, त्यांतली ४ लाख ३५ हजार माणसं गुलाम. जिथे माती काळी तिथे मळे मोठे आणि तिथेच गुलामांची संख्या सर्वांत जास्त. आजही तो पट्टा नकाशावर तीनदा सापडतो: मातीच्या नकाशावर, कृष्णवर्णीय वस्तीच्या नकाशावर आणि निवडणुकीच्या निकालाच्या नकाशावर.

आता आपला संबंध. जानेवारी १८६१ मध्ये अलाबामा संघराज्यातून फुटलं. फुटीर राज्यांची पहिली राजधानीही माँटगोमेरीच होती. यादवी युद्ध पेटलं आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली. न्यू ऑर्लिन्सच्या खालोखाल कापूस पाठवणारं मोबील बंदरही त्यात होतं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस थांबला आणि त्यांनी तोंड वळवलं मुंबईकडे. वऱ्हाड, खानदेश, गुजरातच्या कापसाचे भाव काही पटींनी चढले. मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या बॅक बेसारख्या कंपन्यांच्या शेअर्सवर लोक तुटून पडले. कापूस आणि शेअर्सचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, अमेरिकन कापूस परत येणार हे दिसताच भाव कोसळले आणि खुद्द प्रेमचंदांसह अनेकांचं दिवाळं निघालं. पण वऱ्हाडावर कापसाचा जो शिक्का बसला तो बसलाच. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली ती मुख्यतः हा कापूस मुंबईला न्यायला. ज्वारी खाणारा मुलूख जगाच्या भावावर जगू लागला. आमच्या खामगाव-अकोल्याच्या बाजारात आजही जो शेतकरी भावासाठी परदेशी बाजाराकडे डोळे लावून बसतो, त्याची सुरुवात मला त्या चार वर्षांत दिसते.

म्हणून म्हणतो, ही मुलगी अनोळखी मुलखात चाललेली नाही.

अश्विन_म

पूर्णाकाठ, सुंदर प्रतिसाद. एक शंका: तिथली काळी माती आणि आपली काळी माती एकच का?

पूर्णाकाठ

जन्म वेगळा, वागणूक बरीचशी सारखी. आपली बेसॉल्टची झीज होऊन झालेली, त्यांची चुनखडीवरची. दोन्हींत फुगणारी चिकणमाती असते, त्यामुळे ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. पाणी झिरपायला मात्र दोन्हीकडे वेळ घेते.

या न झिरपण्याचं एक दुखणं तिथे आहे. माँटगोमेरी आणि सेल्मा यांच्यामध्ये लाउंड्स काउंटी आहे, गरीब आणि बहुतांशी कृष्णवर्णीय. विरळ वस्ती, गटारांची सोय नाही, प्रत्येकाने आपली शोषटाकी बांधायची. पण या मातीत साधी शोषटाकी चालत नाही आणि जी चालते ती परवडत नाही. त्यामुळे कित्येक घरांचं मैलापाणी अंगणात साचतं. त्याच काउंटीतल्या कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स या बाईंनी हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे दारिद्र्यविषयक विशेष प्रतिनिधी फिलिप ऑल्स्टन तिथे पाहणीला आले होते. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात ही स्थिती आहे, हे तुमच्या भाचीने डोळ्यांनी पाहावं असं मला मनापासून वाटतं. मातीचं ज्ञान कुणाच्या कामी यायला हवं, ते तिथे कळतं.

जुना_वाचक

ऑबर्नपासून टस्कीगी तीसेक किलोमीटर आहे हे अजून कुणी कसं सांगितलं नाही? महाराष्ट्रातल्या वाचणाऱ्या प्रत्येक घराला हे गाव ठाऊक आहे, फक्त ते अलाबामात आहे हे लक्षात नसतं. वीणा गवाणकरांनी १९८१ मध्ये लिहिलेल्या ‘एक होता कार्व्हर’मधलं टस्कीगी ते हेच.

बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये ही शाळा काढली. स्वतः गुलामीत जन्मलेले. विद्यार्थ्यांनी विटा पाडल्या, भाजल्या आणि त्यांतूनच इमारती बांधल्या. १८९६ मध्ये त्यांच्या बोलावण्यावरून जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आयोवा सोडून इथे आले आणि ५ जानेवारी १९४३ ला मृत्यू येईपर्यंत इथेच राहिले. कापसाने जमीन पिळून निघाली होती, शेतकरी बहुतेक वाट्याने कसणारे आणि सावकाराच्या कर्जात. कार्व्हर त्यांना सांगत होते की नुसता कापूस लावू नका, भुईमूग, चवळी, रताळी लावा, जमिनीत नत्र येऊ द्या, घरात खायला येऊ द्या. शेतकरी शाळेत येत नाही म्हणून १९०६ मध्ये त्यांनी शाळाच घोडागाडीवर घालून शेतावर नेली. मला भुईमुगाच्या शेकडो उत्पादनांपेक्षा ही गाडी मोठी वाटते.

कॅम्पसवर कार्व्हर संग्रहालय आहे, आणि वॉशिंग्टन व कार्व्हर यांच्या समाध्या शेजारीशेजारी आहेत. तिने आल्या-आल्या एखादा शनिवार काढून जावंच. जवळच मोटन फील्ड आहे, दुसऱ्या महायुद्धात पहिल्या कृष्णवर्णीय लष्करी वैमानिकांनी जिथे धडे घेतले तो तळ.

त्याच टस्कीगीच्या परिसराने एक भयानक अन्यायही पाहिला. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना खरं निदान सांगितलं नाही, आणि पेनिसिलिन आल्यावरही औषध दिलं नाही. रोग पुढे काय करतो हे फक्त पाहत राहिले. वैद्यकीय संशोधनात माणसाची संमती घेण्याचे आजचे नियम कडक झाले त्यामागे ही घटना आहे.

पूर्णाकाठ

जुना_वाचक, अगदी मनातलं लिहिलंत. त्याला जोडून: राज्याच्या दक्षिणेला एंटरप्राइझ नावाचं गाव आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेक्सिकोकडून आलेल्या सोंडकिड्याने, बोल वीव्हिलने, तिथला कापूस फस्त केला. (आपली गुलाबी बोंडअळी वेगळी. हा भुंगा आहे, आणि भारतात तो नाही.) शेतकरी भुईमुगाकडे वळले आणि काही वर्षांतच कर्जातून वर आले. ११ डिसेंबर १९१९ ला गावाने भर चौकात त्या किडीचं स्मारक उभारलं! २०१७ मध्ये बोंडअळीने विदर्भाचा कापूस खाल्ला तेव्हा मला हे गाव फार आठवायचं. त्यांच्याकडे पर्यायी पिकाला गिऱ्हाईक आणि बाजार दोन्ही उभे राहिले, म्हणून ते सावरले. आपल्याकडे नुसतं पीक बदला म्हणून सांगतात.

सुनंदा_अकोला

काय काय कळतंय! टस्कीगी इतकं जवळ आहे हे ऐकून ताईचे डोळेच भरून आले, तिने ते पुस्तक भाचीला शाळेत असताना वाचून दाखवलं होतं. आता एक अवघड प्रश्न. वर्णभेदाचं काय? आपल्या मुलीला त्रास होईल का?

मेधा_बर्मिंगहॅम

सुनंदाताई, याला थोडं मागे जाऊन उत्तर देते.

१९०१ मध्ये अलाबामाने जी राज्यघटना केली तिचा उघड उद्देश गोऱ्यांचं वर्चस्व टिकवणं हा होता. मतदानाला साक्षरतेची परीक्षा, डोईपट्टी (माणशी कर), मालमत्तेची अट. कृष्णवर्णीय मतदार यादीतून जवळजवळ पुसले गेले. त्यातली वर्णद्वेषी भाषा काढलेली सुधारित घटना मंजूर व्हायला नोव्हेंबर २०२२ उजाडलं. खुद्द माझं बर्मिंगहॅम १८७१ मध्ये वसलं ते लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी तिन्ही आसपास सापडतात म्हणून. त्या कोळसा खाणींत राज्य सरकार कैदी भाड्याने द्यायचं, त्यांतले बहुतेक कृष्णवर्णीय, क्षुल्लक कारणांवरून पकडलेले. ही पद्धत १९२८ पर्यंत चालली, इतर सगळ्या राज्यांनी बंद केल्यानंतरही.

पण या व्यवस्थेला पाडणारी माणसंही इथलीच, हे मुलीला आवर्जून सांगा. माँटगोमेरीत मार्च १९५५ मध्ये क्लॉडेट कॉल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीने गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला, १ डिसेंबरला रोझा पार्क्स यांनी. त्यानंतर कृष्णवर्णीय समाजाने ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. मोलकरणी, मजूर रोज मैलोन्‌मैल चालले. सव्विशीतले पाद्री मार्टिन ल्यूथर किंग या लढ्यातून पुढे आले. पुढे १९५९ मध्ये ते पत्नीसह भारतात आले तेव्हा मुंबईत मणिभवनात राहिले होते. १९६३ च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून त्यांनी वर्णभेदाविरुद्धचं ते प्रसिद्ध पत्र लिहिलं. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांनी सिक्स्टीन्थ स्ट्रीट चर्चमध्ये बाँब ठेवून चार मुलींना मारलं. मी त्या चर्चसमोरून कितीदा गेले असेन, पाऊल दर वेळी अडखळतं.

आणि सेल्मा. १९६५ च्या सुरुवातीला लाउंड्स काउंटीत, जिथे बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय, एकही कृष्णवर्णीय नोंदलेला मतदार नव्हता. ७ मार्चला मताच्या हक्कासाठी सेल्माहून निघालेल्या सुमारे सहाशे लोकांना एडमंड पेटस पुलावर पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधुराने झोडपलं. २५ वर्षांच्या जॉन लुईस यांची कवटी फुटली. दोन आठवड्यांनी पुन्हा मोर्चा निघाला, ५४ मैल चालत २५ मार्चला माँटगोमेरीला पोचला. ६ ऑगस्टला मतदान हक्क कायदा झाला. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सत्पुरुषांना. त्या मुक्तीनंतर मताचा हक्क खरा व्हायला आणखी शंभर वर्षं आणि इतकं रक्त लागलं.

आता तुमचा प्रश्न. ऑबर्न हे विद्यापीठाचं गाव आहे, देशोदेशीचे विद्यार्थी आहेत, लोक बोलायला गोड. दुकानातला अनोळखी माणूसही दार धरून उभा राहतो. बहुतेकांचं आयुष्य चर्च आणि कॉलेज फुटबॉल यांभोवती फिरतं, ऑबर्न विरुद्ध अलाबामा विद्यापीठ सामन्याच्या दिवशी रस्ते ओस असतात. तू कोणत्या चर्चला जातेस असं तिला पहिल्याच भेटीत विचारतील. त्यात खोच नसते, शांतपणे आपलं सांगावं. वाईट अनुभव कधीच येणार नाही अशी हमी मी देणार नाही. पण एक मागणं आहे: आपल्यातलीच काही मंडळी तिला पहिल्या आठवड्यात सांगतील की अमुक वस्तीत जाऊ नकोस, ‘ते लोक’ तसे असतात. ते तिने ऐकू नये. आपल्याला इथे सन्मानाने राहता येतं त्यात सेल्माच्या पुलावर मार खाणाऱ्यांचा फार मोठा वाटा आहे. माँटगोमेरीत २०१८ मध्ये उघडलेलं झुंडबळींचं स्मारक तिने पाहावं, लोखंडी स्तंभ छतापासून लटकलेले, प्रत्येकावर एका काउंटीचं नाव आणि तिथे मारलेल्यांची नावं.

मृदगंध

मी ऑबर्नमधूनच याच विषयात पदवी घेतली, म्हणून एक खास गोष्ट. कॅम्पसवर ‘ओल्ड रोटेशन’ नावाचं जेमतेम एकरभर शेत आहे. १८९६ मध्ये, म्हणजे कार्व्हर टस्कीगीला आले त्याच वर्षी, प्राध्यापक डगर यांनी तिथे १३ वाफ्यांत कापसाचा प्रयोग सुरू केला आणि तो आजतागायत चालू आहे. कापसावरचा जगातला सर्वांत जुना अखंड प्रयोग. काही वाफ्यांत नुसता कापूस, काहींत हिवाळ्यात शेंगवर्गीय आच्छादन, काहींत मका वगैरेची फेरपालट. फेरपालट आणि शेंगवर्गीय पिकं असतील तर कापसाची जमीन शंभर वर्षांनंतरही थकत नाही हे तिथे उभ्या पिकात दिसतं. विदर्भातल्या मुलीने तर हे जरूर समजून घ्यावं, आणि कुणा प्राध्यापकांचं तिथे काम चालू असेल तर सरळ जाऊन भेटावं. इथे शिक्षकांचं दार ठोठावलं तर कुणी रागावत नाही.

माहीत असू द्या: ऑबर्न स्वतः ब्लॅक बेल्टमध्ये नाही. तिथली माती हलकी, वाळूमिश्रित, कित्येक ठिकाणी तांबडी. काळी माती बघायला माँटगोमेरीच्या पलीकडे जावं लागेल.

सुनंदा_अकोला

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं छापून घेतलंय. शेवटचं एक: विमान अटलांटाला उतरतं, तिथून पुढे कसं जायचं? गाडी लगेच लागेल का?

मृदगंध

अटलांटाहून ऑबर्न गाडीने दोन तासांच्या आत आहे. विमानतळावरून ठरावीक वेळांना शटल सुटतात, जागा आधी आरक्षित करावी. ऑबर्नला गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांचा गटही नव्या मुलांना घ्यायला गाड्या ठरवतो, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ईमेल केला की संपर्क मिळतो. पहिलं सत्र कॅम्पसजवळ राहून विद्यापीठाच्या बसवर निघतं. पण किराणा, शेतं, टस्कीगी सगळीकडे जायचं तर गाडी लागतेच, तेव्हा भारतातच गाडी शिकून घ्यावी, तिथे परवाना काढणं सोपं जातं.

आणि ताईंना हे नक्की सांगा: अटलांटाचं घड्याळ ऑबर्नच्या एक तास पुढे असतं. शटलची आणि परतीच्या विमानाची वेळ दोन्ही अटलांटाच्या घड्याळाने आहे का, ते दर वेळी तपासावं. मुलं विमान चुकवतात ती इथेच.